वापरलेला बेंच मल्टिमीटर : खरेदी आणि पारख

घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्सची छोटी प्रयोगशाळा थाटणाऱ्या हौशी माणसाला पहिली गरज भासते ती मल्टिमीटरची. खिशात मावणाऱ्या साध्या मीटरवर काही वर्षे निघतात. पुढे मिलिव्होल्टमधील बारीक फरक मोजण्याची वेळ आली, की टेबलावर ठेवून वापरायच्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या बेंच मल्टिमीटरची ओढ लागते. नवा घ्यायचा तर किंमत आवाक्याबाहेर जाते. मग कारखान्यांनी वा महाविद्यालयांनी निकाली काढलेल्या जुन्या मीटरकडे लक्ष वळते.

नंदुरबार, शहादा किंवा तळोद्याच्या ग्राहकापुढील अडचण थोडी वेगळी आहे. अशा मालाची मोठी बाजारपेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, अर्थात ग्रँट रोड स्थानकाजवळील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. सुरतमार्गे रेल्वेने तिथवर जाऊन आणलेला मीटर घरी आल्यावर सदोष निघाला, तर तो परत करण्याचा प्रवासखर्च आणि मनस्ताप दोन्ही ग्राहकाच्याच माथी येतात. म्हणून पारख दुकानातच, पैसे मोजण्यापूर्वी व्हायला हवी. विक्रेता मीटर चालू करून दाखवण्यास नकार देत असेल, तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

काय घ्यावे, हा पहिला प्रश्न. अ‍ॅव्होमीटर या काटेरी मीटरची परंपरा १९२३ पासूनची. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याची ती कल्पना. जुन्या प्रयोगशाळांच्या भंगारात असे काटेरी मीटर अजूनही सापडतात. नाशिकच्या मोटवाने कंपनीचेही त्यांत असतात. शिकण्यासाठी ते उत्तम, पण बारीक मापनासाठी अंकदर्शी मीटरच हवा. त्यात सर्वाधिक नावाजलेला हेवलेट-पॅकार्डचा ३४४०१ए हा साडेसहा अंकी मीटर. कंपनीच्या विभागणीमुळे हाच मीटर १९९९ नंतर एजिलेंट आणि २०१४ नंतर कीसाइट या नावाने विकला गेला. नाव पाहून दर वाढवणाऱ्या विक्रेत्याला हे सांगायला हरकत नाही. साडेपाच अंकी ३४७८ए त्याहून जुना. त्याच्या अचूकतेचे स्थिरांक बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत असतात आणि ही लिथियम बॅटरी आत झाळून बसवलेली असते. बॅटरी संपली की स्थिरांक पुसले जातात, आणि मीटर दिसायला धडधाकट असूनही मोजमापाला निरुपयोगी ठरतो. ३४४०१एमध्ये हा धोका नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पडद्यावर अंक जास्त दिसले म्हणजे माप तितके खरे, असे नव्हे. सातवा अंक डोळ्यांना दिसतो. तो खरा आहे की नाही, हे मीटरची शेवटची तपासणी कधी झाली यावर अवलंबून असते.

दुकानात प्रथम पाठीमागचा विद्युतदाब-निवडक पाहावा. अमेरिकेतून आलेला मीटर १२० व्होल्टवर लावलेला असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर तो तसाच जोडल्यास फ्यूज उडाल्यावर सुटका झाली तर नशीब. मग मीटर चालू करून स्वयंचाचणी पूर्ण होते का, पडद्यावरील प्रत्येक रेघ सारखी उजळते का, प्रत्येक कळ पहिल्या दाबाला प्रतिसाद देते का, हे पाहावे. या मीटरांचे हिरवट प्रकाशाचे पडदे वर्षानुवर्षे सतत चालू राहिल्याने मंद होतात. पडदा अगदीच मंद असेल, तर मीटरने आयुष्याचा मोठा भाग कारखान्यात काढला आहे असे समजावे व भाव तसा करावा. दोन्ही लीडची टोके एकत्र जुळवून शून्य येते का आणि ते स्थिर राहते का, तेही पाहावे.

यापुढची तपासणी अधिक गंभीर आहे, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. विद्युतप्रवाह मोजण्याच्या खाचेमागे फ्यूज असतो. तो उडाल्यावर योग्य फ्यूज न मिळाल्याने एखाद्या महाभागाने तिथे तांब्याची तार गुंडाळलेली असू शकते. असा मीटर चुकून प्रवाहाच्या खाचेत लीड ठेवून घरच्या विजेला लावला, तर सरळ शॉर्टसर्किट होऊन ठिणगी हातात फुटते. फ्यूज काढून डोळ्यांनी पाहावा. त्यावरचा अँपिअर आणि व्होल्टचा आकडा मीटरच्या माहितीपुस्तकाशी जुळला पाहिजे. शिवाय बहुतेक जुन्या बेंच मीटरांवर सुरक्षा-श्रेणीचा उल्लेखच नसतो. सौर कृषिपंपाच्या पॅनेलमालेत शेकडो व्होल्टचा एकदिश दाब असतो; तिथे किंवा वीजमंडळाच्या वाहिनीवर हा मीटर नेऊ नये. त्यासाठी श्रेणी छापलेला हातातला मीटरच वापरावा. तार मृत आहे असे ठरवण्याआधी तोच मीटर जिवंत विजेवर लावून पाहावा, मग तारेवर, आणि पुन्हा जिवंत विजेवर. तुटलेल्या लीडचा मीटरही शून्यच दाखवतो.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो : मोजणारे साधनच चुकत असेल, तर ते मोजायचे कशाने? यासाठी एडी५८४ या चिपवर बांधलेले स्वस्त संदर्भ-मॉड्यूल मिळते. ते अडीच, पाच, साडेसात आणि दहा व्होल्ट देते. मात्र त्याची अचूकता ३४४०१एच्या तुलनेत कमी असल्याने त्यावरून मीटरला दोष देता येत नाही. मोठी गडबड तेवढी कळते. ०.१ टक्का अचूकतेचे दोनचार रोधक रोधाच्या तपासणीला पुरतात, आणि ती चार-तारी पद्धतीनेच करावी. मीटरचा अंतर्गत रोध तपासायची युक्तीही सोपी आहे. नऊ व्होल्टची बॅटरी आधी थेट, मग १० मेगओहमच्या रोधकातून मोजावी. दुसरे माप निम्मे आले, तर मीटरचा अंतर्गत रोध १० मेगओहम. जवळजवळ तितकेच राहिले, तर त्याहून कितीतरी जास्त. प्रत्यावर्ती मापनासाठी शून्य ते पाच व्होल्टची, निम्मा काळ उंच राहणारी चौकोनी लहर द्यावी. खरे वर्गमध्यमूळ मोजणारा मीटर सुमारे २.५ दाखवतो, सरासरीवर चालणारा सुमारे २.७८.

खानदेशच्या उन्हाळ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. ३४४०१एची एका वर्षासाठीची दिलेली अचूकता २३ अंश सेल्सिअसच्या आजूबाजूला पाच अंशांपुरतीच आहे. दहा व्होल्ट मोजताना तिथे जास्तीत जास्त ०.४ मिलिव्होल्टची चूक संभवते. मे महिन्यात खोलीत ४२ अंश झाले, तर मर्यादेपलीकडच्या चौदा अंशांमुळे आणखी सुमारे ०.८४ मिलिव्होल्टची भर पडते, म्हणजे एकूण मर्यादा तिप्पट. तरीही साध्या मीटरच्या मानाने ती नगण्य आहे. पण बारीक मोजमापे पहाटे घेतलेली बरी. मीटर तासभर तापू द्यावा आणि वहीत मापासोबत तापमानही लिहावे.

एवढे करूनही शंका उरली, तर तपासणी अधिकृत ठिकाणी करून घ्यावी. मुंबईत शीव-चुनाभट्टी येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था मापनयंत्रांच्या कॅलिब्रेशनचे काम करते. मीटर देताना समायोजनापूर्वीची मापेही प्रमाणपत्रात मागून घ्यावीत. आजवर वहीत नोंदवलेले आकडे किती चुकले होते, ते त्यांवरूनच कळते.