तीस कान, एक ताल

पारगावकडून खोडदच्या दिशेने निघावे, म्हणजे उभ्या पिकांच्या वर मोठमोठ्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत, तर १६ तीन दिशांना पसरल्या आहेत. टोकाच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर. तरीही या सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते. ते कसे, याचा इतिहास आपण पाहू.

आपण दिंडीत चाललेलो असतो. पुढच्या मृदंगाचा आवाज किलोमीटरभर मागे पोचायला तीन सेकंद लागतात. शेवटच्या टाळकऱ्याने कानावर विसंबून टाळ वाजविला, तर ताल मोडलाच. रेडिओलहर एका सेकंदाच्या अब्जांशात ३० सेंटिमीटर धावते. पण ज्या लहरीची लांबीच २१ सेंटिमीटर, तिच्या बाबतीत दहा सेंटिमीटरांची चूक झाली, की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि दोन्ही मावळतात.

या दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांना ही अडचण तरुणपणीच भेटली. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथे ३२ लहान तबकड्यांचा मेळ घालण्याचे जिकिरीचे काम त्यांनी केले. पुढे स्टॅनफर्डला असताना १९६१ मध्ये त्यांनी व यांग यांनी एक सोपी युक्ती मांडली. केंद्रातून लहर तबकडीकडे पाठवायची, तेथे तिला खूण लावून परत फिरवायची, आणि जाऊन-येऊन झालेला उशीर केंद्रातच मोजायचा. त्याचे निम्मे, म्हणजे एका वाटेचा उशीर. पॉट्स हिलच्याच त्या तबकड्या १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या आणि सूर्याचे निरीक्षण करू लागल्या.

खोडदला केंद्रातून प्रत्येक तबकडीकडे काचतंतूंतून एकच ताल जातो. आकाशातली लहर जिथे आधी पोचते, त्या तबकडीचा संदेश तेवढा थांबवून धरावा लागतो. पृथ्वी फिरत असल्याने हा हिशेब क्षणोक्षणी बदलतो. आरंभी तो खास घडविलेली यंत्रे करीत. २०१० च्या सुमारास तेच काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर, आज्ञावलीच्या बळावर होऊ लागले. उरलासुरला फरक ओळखीच्या एखाद्या तेजस्वी रेडिओस्रोताकडे रोखून काढतात. शेवटी ताल तपासते ते आकाशच.

या सगळ्याला शांतता लागते. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग या भागातून नेण्याला वेधशाळेच्या दृष्टीने आक्षेप आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ते लागले. रेल्वेची मागणी हट्टाची नाही. शेतमालाला बाजार हवाच. पण खर्च कोणता व मिळकत कोणती, हे नीट जाणल्यावाचून वाद घालू नये. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर आपल्या शिवारात ऐकू येते, ती आपण थोडे गप्प राहिल्यामुळे. त्या मौनाची किंमत जे देतात, त्यांना त्याचे मोल सांगणे हे जाणत्यांचे कर्तव्य आहे.