मागील घरधन्यांचें दप्तर

घराच्या खरेदीखतांत चतुःसीमा असतात, विहिरीचा हिस्सा असतो, परसांतल्या कडुनिंबाचाहि निर्देश असतो. माळ्यावर काय राहिलें आहे याचा मात्र बहुधा नसतो. परभणी जिल्ह्यांतील जुने वाडे ढेलज, माळवद, बळद व पेव यांसह विकले जातात, तेव्हां मागल्या घरधन्याची उरलीसुरली चीजवस्तुहि नव्या धन्याच्या हातीं येते. तिची वांटणी जणूं ठरलेलीच असते. सागवानी खांब व्यापाऱ्याकडे, तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत आणि कागद बंबांत. पहिल्या दोहोंची किंमत होते. तिसऱ्याची होतच नाहीं. या तिसऱ्या राशीविषयींच आम्हांस येथें कांहीं सांगावयाचें आहे.

हीं घरें रिकामीं कां झालीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. पहिल्या सालारजंगांनीं १८६५ मध्यें निजामी राज्यांत जिल्हाबंदी केली. वसुलीचें काम देशमुख-देशपांड्यांकडून सरकारी अंमलदारांकडे गेलें व त्यांच्या वांट्यास रोख रुसूम तेवढा उरला. अधिकार गेला, पण दप्तरें पुष्कळ ठिकाणीं वाड्यांतच राहिलीं. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग झाला आणि माणसें हळूहळू खेड्यांतून रेल्वेकांठच्या पेठांकडे सरकलीं. पुढें रझाकारांच्या भयानें अनेक कुटुंबें हद्दीपलीकडे वऱ्हाडांत गेलीं; १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करल्यावर मराठवाड्यांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला व त्यांसहि घरदार सोडावें लागलें. १९४९ मध्यें जहागिरी नष्ट झाल्या. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि हैदराबादेकडे जाणारी नोकरीची वाट मुंबई-पुण्याकडे वळली. प्रत्येक वळणावर कोणी तरी कडी लावून निघालें, व नेतां न येण्यासारखें मागें राहिलें.

आतां या कागदांचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घ्यावें. निजामी दरबाराची भाषा प्रथम फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून उर्दू होती. गांवचे हिशेब कुळकर्णी मोडींत लिहीत. म्हणून देशमुखाच्या पेटींत निघणारा कज्ज्याचा निकाल उर्दूंत असतो, आणि जहागीरदाराच्या वाड्यांत निघणारा वसुलाचा ताळेबंद मोडींत. ज्याच्या घरीं कागद, त्याच्या नातवास तो वाचतां येत नाहीं. वाचूं शकणारा वृद्ध दुसऱ्या आळींत असतो. एका घराचें दप्तर उलगडण्यास दोन समाजांचीं माणसें एका सतरंजीवर बसावीं लागतात. हे कागद लिहिले गेले तेव्हां हा व्यवहार नित्याचा होता. आज तो मुद्दाम घडवून आणावा लागेल.

अक्षर लागलें तरी अर्थ लागतोच असें नाहीं. सन फसली असतो. त्यांत ५९० मिळविले म्हणजे वर्षारंभाचा इसवी सन निघतो. फसली १३४७ हें वर्ष ऑक्टोबर १९३७ मध्यें सुरू झालें. रक्कम हालीसिक्का कीं कलदार, हेंहि पाहावें. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. हा भेद न पाहिल्यास सातशेंचें कर्ज शंभरांनीं चुकतें.

असल्या किरकोळ कागदांतून काय निघणार, असें कोणी म्हणेल. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यांतील १७५० ते १७६१ पर्यंतचीं पत्रें वाईच्या एका खाजगी घरांत मिळालेलीं होतीं. पानिपतापूर्वीच्या दशकाचें ज्ञान तोंवर बखरींवर विसंबून होतें. तें त्या पत्रांवर पारखून घेणें शक्य झालें. प्रत्येक माळ्यावर पानिपत सांपडणार नाहीं, हें खरें. परंतु कोणत्या दुष्काळांत कोणतें शेत गहाण पडलें, मुलीच्या लग्नास किती कर्ज झालें, हें सांगणारा दुसरा साक्षीदार नाहीं.

बळदांत पुरलेलें धन निघालें तर १८७८ चा कायदा आहे; दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो. बंबांत जाणाऱ्या रुमालाची चौकशी करावयास मात्र कोणी येत नाहीं. तें काम नव्या घरधन्याचें. त्यानें रुमालाची गांठ सोडण्यापूर्वी तो कोठें होता हें टिपून ठेवावें, एका रुमालांतले कागद दुसऱ्यांत मिसळूं नयेत, आणि वाचणारा मिळेपर्यंत ते कोरड्या जागीं ठेवावे. जन्मपत्रिका, निकाहनामे, देवांचे टाक व तसबिरी यांवर घराच्या किंमतीनें मालकी आली असें मानूं नये. जुन्या कुटुंबाचा ठावठिकाणा गांवांत कोणास ना कोणास ठाऊक असतो, तेथें निरोप धाडावा. मोडी व उर्दू, दोन्ही वाचणारे वृद्ध आतां थोडे उरले आहेत. कागद एखाद्या पावसाळ्यास पुरेल. ते तितके दिवस पुरतीलच, असें धरून चालूं नये.