शेक, रडार आणि एक फोन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागे एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तुमच्याकडे आम्ही अँटेना शिकलो. आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. मायक्रोवेव्हच्या शेकाने गाठ जाते, असं कुणी सांगितलं. खरं का हो?"

मी काही डॉक्टर नव्हे. पण "ठाऊक नाही" म्हणून फोन ठेवणं जिवावर आलं. दोन दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. तोच इतिहास आज थोडक्यात सांगतो.

१८६६ मध्ये जर्मनीतल्या बुश या शल्यचिकित्सकाने एक नोंद केली. चेहऱ्यावर गाठ असलेल्या रुग्णाला त्वचेचा संसर्ग होऊन जोराचा ताप आला आणि गाठ विरली. श्रेय तापाकडे गेलं. पण हवी तिथेच उष्णता पोचवायची कशी?

साधन मिळालं ते युद्धामुळे. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी शक्तिशाली मॅग्नेट्रॉन बनवला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, रेथिऑन कंपनीने तो मेयो क्लिनिकला दिला. तिथे फ्रँक क्रूसेन आणि सहकाऱ्यांनी त्याने स्नायू शेकण्याचे प्रयोग केले. या उपचारात रूढ झालेली वारंवारता होती २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे आजच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनचीच. ती अशा कामांसाठी मोकळी ठेवलेली होती. शरीराला ती मानवते का, हा प्रश्न नंतरचा.

ती फारशी मानवत नव्हती. ही लहर स्नायूत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर शिरते. शिवाय चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवरून ती काहीशी परतते आणि वरची चरबीच तापते. सिअ‍ॅटलला आर्थर गाय हे अभियंता आणि जस्टस लेमन हे डॉक्टर यांनी दाखवून दिलं, की ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर आणि अंगाला टेकवलेला अँटेना अधिक बरा. अँटेना आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याची पिशवी ठेवली की लहर सहज आत जाते आणि कातडी गार राहते.

खोलवरच्या गाठीसाठी वारंवारता आणखी उतरवावी लागते. पण मग लहर लांब होते आणि एका जागी नेम धरता येत नाही. इथे पुन्हा रडारची विद्या कामी आली. शरीराभोवती अनेक अँटेना मांडायचे आणि त्यांच्या लहरी अशा जुळवायच्या, की त्या गाठीपाशी एकमेकींत मिळतील. एकेकीची उष्णता थोडी, गाठीपाशी बेरीज मोठी. लक्ष्य असतं ४१ ते ४३ अंश सेल्सिअस.

तरी १९८० च्या दशकातल्या अमेरिकी चाचण्यांनी निराशा केली, कारण मोठ्या गाठी पुरेशा तापल्याच नव्हत्या. मग नेदरलँड्समधल्या ३५८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २००० साली आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नुसत्या किरणोपचाराने तीन वर्षांनी २७ टक्के स्त्रिया हयात होत्या. उष्णतेची जोड दिलेल्यांत ५१ टक्के. तिथे मायक्रोवेव्हपेक्षा लांब लहरी वापरल्या होत्या. नंतरच्या साऱ्याच चाचण्यांत असा लाभ दिसला नाही, हेही सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. म्हटलं, "नुसत्या शेकावर विसंबू नकोस. किरणोपचाराला तो जोड देऊ शकतो, आणि तेही डॉक्टरांनी ठरवायचं."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे उद्याची किरणोपचाराची वेळ चुकवायची नाही."

"अजिबात चुकवायची नाही," मी म्हटलं.