तळटीप : सावलीतला पातळ रंग
१. 'सावली पातळ ठेवावी' : तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचा हा जुना नियम लेखकाने ओझरता सांगितला आहे. कपाळावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड पांढरा मिसळलेल्या जाड, अपारदर्शक रंगाने चढवतात. सावलीत मात्र बर्न्ट अंबरसारखा रंग पातळ करून, खालचा तपकिरी थर दिसत राहील इतपतच लावतात. सावलीत पांढरा शिरला की ती खडूसारखी फिकी दिसते. नवशिके इथेच फसतात, आणि सावरायला काळा वापरून सगळेच मळवून टाकतात. रेम्ब्राँच्या (१६०६–१६६९) उतारवयातील आत्मचित्रांत उजेडातला रंग कॅनव्हासवर चक्क उठून आलेला असतो, अंधाराकडचा डोळा जेमतेम सुचवलेला. गोव्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे आंतोनियो शेव्हियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणत. बिरुद कौतुकाचे खरे, पण त्रिंदादांवर थोडा अन्यायच करणारे. छापील प्रतीत थरांची जाडी कळत नाही. त्रिंदादांची चित्रे पणजीच्या फुंदासांव ओरिएंतच्या संग्रहात आहेत. जमल्यास वाचकांनी ती समोरून आणि मग थोडे बाजूला सरकून पाहावीत. — संपा.