नस तुटते हातात, नकाशा बदलतो मेंदूत

तेरच्या गोरोबाकाकांनी विठ्ठलाच्या शपथेपायी स्वतःचे हात तोडले आणि पंढरीच्या कीर्तनात ते पुन्हा फुटले, ही कथा धाराशिव जिल्ह्यात लहानपणीच कानावर पडते. हातावर पोट असणाऱ्या कुंभाराची गोष्ट, म्हणून ती काळजाला भिडते.

हात जागेवर असूनही जाऊ शकतो. कोपराला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी जी नस, तीच कुष्ठरोगात सुजते, दबते. मग करंगळी आणि अनामिका आत वळतात, मूठ नीट धरत नाही. 1940 च्या दशकाअखेर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी यावर शस्त्रक्रिया बसवली: शाबूत स्नायूचा कंडरा वळवून लुळ्या बोटांना जोडायचा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनीही कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे पुन्हा घडवले.

खरी कसोटी प्लास्टर काढल्यावर लागते. जन्मभर बोट मिटवत आलेल्या स्नायूला आता बोटाची पेरे सरळ करायची असतात. रुग्ण हाताकडे टक लावून मनात जुनीच हालचाल करतो, तेव्हा कुठे बोट नवे काम करते. सरावाने पुढे विचारही करावा लागत नाही. कंडरा हातात हलवला, शिकला मात्र मेंदू.

या शिकण्याचे मूळ शोधत गेले की 1870 चे बर्लिन लागते. फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज लावली. ठरावीक जागी लावली की विरुद्ध बाजूचा पाय हाले. हालचालींचा नकाशा मेंदूत असतो हे त्यातून कळले. मोठेपणी तो बदलत नाही, असेच पुढे बराच काळ मानले गेले. 1988 मध्ये अमेरिकेत सेन्स, डॉनह्यू आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मिशा हलवणारी नस कापल्यावर काय होते ते मांडले. मेंदूतल्या मिशांच्या जागी वीज दिली, तर आता पुढचा पाय हलत होता! हा बदल काही तासांतला; एवढ्यात नवे तंतू वाढत नाहीत. शेजारच्या पेशींशी असलेल्या जोडण्या जुन्याच होत्या, दाबून ठेवलेल्या. दाब सुटताच त्या जाग्या झाल्या. पडीक वावर शेजाऱ्याने वहिवाटीला घ्यावे, तसे हे.

म्हणजे मोठेपणीही मेंदूतला नकाशा बदलू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम वरकड समजू नका. तो उपचाराचाच अर्धा भाग आहे. आणि अंगावर बधिर चट्टा असेल, करंगळीला मुंग्या येत असतील, चहाच्या कपाचा चटका जाणवत नसेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कुष्ठरोगाची औषधे तिथे मोफत मिळतात.