वाद घालण्याआधी

‘वाद घालू नकोस’ हे ऐकल्यावाचून मराठी घरात कुणी मोठं होत नाही. पण वाद हा मुळात भांडणाचा शब्दच नव्हे.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले, ते बोलणाऱ्याला काय साधायचं आहे यावरून. खरं काय ते शोधायचं तर वाद. तो गुरूशी, सहाध्यायांशी करावा. जिंकायचंच तर जल्प. त्यात शब्दांचे डावपेचही चालतात. स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं मोडायचं, ती वितंडा. मात्र सूत्रकारांनी शेवटची दोन्ही टाकून दिली नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण लागतं, तसा त्यांचा उपयोग सांगितला.

त्याहून रोखठोक आहे चरकसंहिता. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याला सांगितलंय, आधी समोरचा माणूस आणि सभा पारखून घे. जाणता, न रागावणारा वैद्य भेटला तर मोकळेपणानं विचार, हरण्याची भीती बाळगू नकोस, जिंकलास तर मिरवू नकोस. गाठ प्रतिस्पर्ध्याशी असेल तर भाषाच बदल. ज्याचं पाठांतर कच्चं त्याच्यावर लांबलचक सूत्रांचा मारा कर, ज्याच्या ध्यानात वाक्य राहत नाही त्याला न संपणाऱ्या वाक्यांत गुंतव, भित्र्याला घाबरव. त्याहीआधी सभेशी संधान बांधून आपल्या सोयीचा विषय ठरवून घे. मग ‘सभा सांगेल तसं’ म्हणून साळसूदपणे गप्प बस! टीव्हीवरच्या चर्चेत आज याहून वेगळं काय चालतं?

मराठीत येईतो ही वर्गवारी विस्कटली. जल्प बोलण्यातून गेला. वितंडेला वाद जोडून आपण ‘वितंडवाद’ केला. शास्त्रात जे दोन वेगळे होते ते एका शब्दात नांदू लागले. ‘नव’ म्हणजे नवं की नऊ, अशी कोटी करून दुसऱ्याला अडकवणं, हा जल्पातला डाव म्हणजे छल. तो ‘शब्दच्छला’त टिकला, आणि एरवी ‘छळ’ होऊन सासुरवाशिणीच्या वाट्याला आला.

सगळ्यात दूर गेला तो ‘हेतू’. न्यायशास्त्रात हेतू म्हणजे विधानाला दिलेलं कारण: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे. मराठीत हेतू म्हणजे मनातला उद्देश. म्हणून आज कुणी धूर दाखवला की डोंगराकडे कुणी पाहतच नाही. ‘यामागे तुमचा हेतू काय?’ एवढंच विचारतात.