चाळीस रुपयांचे पाणी

महाडचा इतिहास आपण एका ओंजळीत सांगून मोकळे होतो. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, पाणी प्याले, मागोमाग हजारो माणसे प्याली आणि क्रांती झाली. भाषणात हे सांगायला एक मिनिट लागते. टाळ्या पडतात, पुढचा वक्ता उभा राहतो. पण त्या ओंजळीच्या आधीचे दोन दिवस कसे गेले, त्या माणसांनी काय खाल्ले, कुठले पाणी प्याले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आमचे म्हणणे असे की, महाडची खरी शिकवण तिथे आहे.

तारीख १९ आणि २० मार्च १९२७, वार शनिवार-रविवार. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसे भाकरीची गाठोडी खांद्यावर टाकून पायी चालत महाडला आली. या माणसांना दोन दिवस प्यायला पाणी हवे होते, आणि गावातल्या सार्वजनिक पाणवठ्याला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. म्हणून आयोजकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. पाण्याचा हक्क सांगायला भरलेल्या परिषदेला पाणी विकत घ्यावे लागले! जातिव्यवस्था म्हणजे काय, हे सांगायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

पण या चाळीस रुपयांकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. परिषदेला किती पाणी लागेल, ते कुठून मिळेल, पैसे कोण देईल, ते मंडपापर्यंत कसे पोहोचेल, याचा विचार कुणीतरी आधी बसून केला होता. ती माणसे भावनेच्या भरात महाडला जमली नव्हती. त्यांना जमवले गेले होते.

कुणी जमवले? दासगाव-महाडच्या मातीतले तरुण रामचंद्र बाबाजी मोरे यांनी या परिषदेचा ध्यास घेतला होता. स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड होते. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, सहस्रबुद्धे हे सवर्ण सहकारी सोबत होते. जिल्ह्यातले निवृत्त महार सैनिकही पुढे होते. पलटणीतली शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती आणि गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

कायद्याची जमीनही आधीच नांगरलेली होती. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावरच पडून होता. तळ्याला कुणी हात लावला नव्हता. ठराव जिवंत करायला पाय लागतात आणि ते पाय या परिषदेने महाडपर्यंत आणले.

काही जण म्हणतात, तळ्यावर जाणे उत्स्फूर्त होते. परिषद संपता संपता चित्रे यांनी सूचना मांडली आणि लोक निघाले. समजा, सूचना ऐनवेळची होती. पण हजारो माणसे रांगेने गावातून जातात, कुणावर दगड उचलत नाहीत, पाणी पितात आणि शांतपणे मंडपात परत येतात, ही शिस्त ऐनवेळी येत नसते. ती दोन दिवस एका मंडपात बसून, एकत्र जेवून, मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचा बाबासाहेबांचा आग्रह ऐकून येते.

आता या इतिहासातली दुखरी बाजू. ती आपण फारशी सांगत नाही. तळ्यावरून लोक परतले. कुणी जेवत होते, कुणी गाठोडी बांधत होते, कुणी गावाच्या वाटेला लागले होते. तेवढ्यात अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. अन्नात माती कालवली, भांडी फोडली, एकट्यादुकट्या माणसांना गाठून मारले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. डाक बंगल्यावर बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत संतापलेली माणसे उभी होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्या दिवशी तो शब्द सुटला असता तर महाडची नोंद सरकारी दप्तरात दंगल म्हणून झाली असती. पुढे तळे बाटले म्हणून १०८ घागरी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले, हे सर्वांना माहीत आहे.

हल्ल्याचा दोष हल्लेखोरांचाच, यात वाद नाही. पण चळवळीने त्यातून काय शिकायचे ते शिकून घेतले. कार्यक्रम संपला म्हणजे जबाबदारी संपत नाही. शेवटचा माणूस सुखरूप घरी पोहोचतो तेव्हा ती संपते.

नऊ महिन्यांनी, २५ ते २७ डिसेंबर १९२७ ला, सत्याग्रह परिषद भरली तेव्हा हा धडा दिसला. परिषदेला कुणी सवर्ण जागा देईना, म्हणून फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची जागा घेतली. महाडचे व्यापारी माल विकणार नाहीत हे ओळखून धान्य बाहेरून आणले. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने दासगावला उतरले आणि तिथून मिरवणुकीने पायी महाडला आले. स्वयंसेवक नेमलेले होते. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जळाली. न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता, म्हणून तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. महाडमध्येच बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या लुगड्याची नेसण बदललेली होती. परिषदेचे हे फळ कुठल्याही ठरावापेक्षा लहान नाही.

हे सारे आज का सांगायचे? कारण आज आमच्या बैठका आम्ही पाहतो. जयंतीची बैठक रात्री नऊला सुरू होते. साडेदहापर्यंत बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, यावर वाद. मग डीजेचा आवाज, मग पाहुण्यांच्या हारांची यादी. पाणी कोण भरणार, लांबून आलेली बाई रात्री कुठे झोपणार, भोजनदानाची भांडी कोण घासणार, हे विषय शेवटच्या पाच मिनिटांत येतात आणि ते काम बहुतेक वेळा वस्तीतल्या बायांच्या अंगावर पडते. मंचावर त्यांना खुर्ची नसते. यात आम्हीही आहोत, म्हणून बोलतो आहोत.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरवरच्या रंगासारखी राहतील. आपण बंधुता हा शब्द उद्देशिकेत वाचतो आणि पुढे जातो. महाडला तिचा अर्थ अगदी साधा होता: शंभर मैल चालून आलेल्या अनोळखी माणसाला पाणी मिळाले पाहिजे, मग त्यासाठी पदरचे चाळीस रुपये गेले तरी चालतील. ज्या संघटनेच्या कार्यक्रमात ही काळजी नाही, तिच्या पत्रिकेवर बंधुता कितीही ठळक छापा, ती रंगच राहणार.

म्हणून तरुण साथींना आमचे एकच मागणे आहे. पुढचा कार्यक्रम ठरवाल तेव्हा बैठकीतला पहिला विषय पाण्याचा घ्या, मग जेवणाचा, मुक्कामाचा, परतीच्या वाटेचा. वक्ता कोण, हे त्यानंतर ठरवा. आणि २० मार्चला महाडला गेलात तर तळ्याच्या काठावर उभे राहून ओंजळीइतकीच त्या चाळीस रुपयांचीही आठवण काढा.

जय भीम!